एकोणऐंशी

"तुम्हीच ना ते मास्तर?" दारातल्या माणसानं विचारलं आणि मास्तरांनी हातातला चहा खाली ठेवला.

हा चेहरा कोण ओळखणार नाही? कुठल्याही स्ट्रायकरसाठी आजवर कुणी मोजली नव्हती एवढी किंमत मोजून एका फुटबॉल क्लबनं त्याला घेतलं होतं, आणि आल्यापासून त्याच्या पायातून एक गोल निघाला नव्हता. रिसेप्शनपासून डिझाइनपर्यंत सगळं ऑफिस काचेला नाक लावून बघत होतं. भांडायला आलाय, हे उघड होतं. खेळाडू इथं यायचे ते भांडायलाच.

कंपनी फुटबॉलचे व्हिडिओ गेम बनवायची आणि गेममधल्या हजारो खऱ्या खेळाडूंना शंभरापैकी गुण देणं हे मास्तरांचं काम. म्हणूनच ते मास्तर. वेगाचे दोन गुण कापले म्हणून चांगले धडधाकट पुरुष त्यांच्यासमोर बसून रडले होते. मास्तर त्यांना चहा पाजायचे आणि गुण तेवढेच ठेवायचे.

आज मात्र गोष्ट वेगळी होती. नेमकं याच्याच बाबतीत त्यांनी शेण खाल्लं होतं.

हा तेव्हा सतरा वर्षांचा होता, आडबाजूच्या एका क्लबातला दांडगा पोरगा. गावोगाव हिंडून नवी पोरं हेरणारे एक काका फोनवरून माहिती द्यायचे. गुण द्यायला इतके चिकट, की ऑफिसात त्यांना चिक्कूकाकाच म्हणायचे. ऐंशीच्या वर त्यांनी कुणाला जाऊ दिलं नव्हतं. त्या दिवशी लाइन धड नव्हती. उंची ऐकू आली, डावा पाय ऐकू आला, मग नुसती खरखर, मग 'एकोणऐंशी', आणि फोन तुटला. एकोणऐंशी म्हटलं की कानात ऐंशी घुमतं आणि हात आठ लिहून मोकळा होतो. मास्तरांनी गुणांत ८९ टाकले. वजनाचा रकाना कोराच राहिला. तो पुढे कुणीतरी भरला. आपली चूक त्यांच्या ध्यानात आली तोवर गेम बाजारात गेला होता.

आणि मग पोरानं गोलांचा धडाका लावला. 'गेमनं आधीच ओळखलं होतं!' असं जिकडेतिकडे कौतुक झालं, मास्तरांना बढती मिळाली आणि त्यांनी तोंडाला कुलूप लावलं. चिक्कूकाकांना विचारायचीही छाती झाली नाही. विचारणं म्हणजे कबूल करणंच की.

"बसा ना," मास्तर घाईघाईनं म्हणाले. "यंदाचे गुण अजून पक्के नाहीत. वेगाचं काहीतरी बघता येईल."

"यंदाचे गेले खड्ड्यात." तो बसला नाही. दारापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालत राहिला. "मला पहिल्या गुणांचं सांगा. सतराव्या वर्षी मला एकोणनव्वद कुणी दिले?"

"आमची त्याची एक पद्धत असते."

"पद्धत नको, माणूस सांगा."

मास्तरांनी खिडकीचा पडदा सरळ केला. तो सरळच होता.

"संध्याकाळी क्लबात बसायचंय," तो म्हणाला. "सही केली तर आणखी एक हंगाम. नाही केली तर खेळणं कायमचं बंद. बायको म्हणते, सोड एकदाचं. मैदानात उतरलो की लोक ओरडतात, पैसे परत द्या. आणि खरं सांगू? मलाही वाटतं, लोकांचं बरोबर आहे. फक्त तो एक आकडा आडवा येतो. तेव्हा मला कुत्रं विचारत नव्हतं हो. आईसुद्धा म्हणायची, पोटापाण्याचं बघ. आणि कुणीतरी मला नुसतं बघून एकोणनव्वद दिले. त्याला माझ्यात खरंच काही दिसलं असेल, तर अजून वर्षभर शिव्या खाईन मी. तेवढंच सांगा."

मास्तरांना नुसतं 'हो' म्हणता आलं असतं. पण इतकी वर्षं गिळून ठेवलेलं आज गिळवेना. आपल्या चुकीचा मार हा खातोय आणि आपण बढतीच्या खुर्चीत बसलोय, याची त्यांना लाज वाटली.

"एकोणनव्वद नव्हते," ते म्हणाले. "एकोणऐंशी होते. लिहिताना माझी चूक झाली."

येरझाऱ्या थांबल्या.

"एकोणऐंशी," तो सावकाश म्हणाला. "म्हणजे बरा."

"चांगला! चांगलाच म्हणायचा."

"बरा." तो हसला. आल्यापासून पहिल्यांदा खुर्चीत बसला आणि मास्तरांचा गार झालेला चहा पिऊन टाकला. "सुटलो बघा मास्तर. दुसऱ्याचाच शर्ट घालून फिरतोय असं वाटायचं. तो खरंच दुसऱ्याचा निघाला."

जाताना त्यानं मास्तरांचा हात दोन्ही हातांत धरला. त्याचे डोळे भरले होते.

संध्याकाळीच बातमी आली. विक्रमी किमतीच्या स्ट्रायकरनं सही केली नाही. त्यानं फुटबॉल सोडला. ऑफिसात कुणी हळहळलं, कुणी 'पीडा गेली' म्हणालं. मास्तरांना मात्र कधी नव्हे ते हलकं वाटत होतं. आता कुणाला भ्यायचं? त्यांनी चिक्कूकाकांना फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं: ती खरखर, ते एकोणऐंशी, चुकून टाकलेले एकोणनव्वद, दुपारी दिलेली कबुली.

काकांनी त्यांना 'एकोणऐंशी' पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

"अरे, एकोणऐंशी किलो वजन होतं त्याचं," काका म्हणाले. "गुण सांगायच्या आधीच फोन गेला. सकाळी परत लावला, तर तुमच्याकडची मुलगी म्हणाली, गुण मिळालेत. एकोणनव्वद बघून वाटलं, तुम्हीच कापलेत. मी सत्त्याण्णव देणार होतो रे."