चार बोटं सीट

यवतेश्वरच्या चढावर केतकी परत उतरली आणि नवी गिअरची सायकल ढकलायला लागली. माझी मावसबहीण. रविवारी हा घाट न थांबता चढली, तरच सायकल ग्रुपवाले तिला गोव्याला नेणार. मी रोज चढते, आईच्या लेडीज सायकलवरून, वरच्या हॉटेलात भांडी घासायला. मला कोण नेतंय?

"तुझ्या पायांत इंजिन बसवलंय का गं?" ती धापा टाकत म्हणाली. हेल्मेट, हातमोजे, गॉगल, सगळं होतं तिच्याकडे. फक्त पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट पार खाली ठेवलेली, त्यामुळे मांड्या लगेच भरून यायच्या. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. आठवडाभर मुद्दाम बोलले नाही.

आज मागून डंपरवाल्याने हॉर्न मारला, तशी ती रस्त्यातच रडायला लागली.

"एवढी भारी सायकल असून रडतेस? हो बाजूला," म्हणत मी सीट चार बोटं वर घेतली.

ती सुटली ती थेट वरच्या देवळापाशी. खाली येऊन म्हणाली, "चालव ना तू पण."

"नको, उशीर होतोय."

एकदा तिची चालवली असती, तर आईच्या सायकलवर परत बसावंसं वाटलं नसतं.