पानाचं वजन

"काटा मारलायस तू," शमिका म्हणाली.

सोहमने कीबोर्डवरचे हात उचलले. "मी काय बाजारात मासळी विकतोय?"

शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये दोघंच होती. वेबसाइटचं पान शमिकाने बनवलं होतं, पूर्णगडच्या मच्छीमार संस्थेसाठी. त्यात वाऱ्याचे इशारे आणि मासळीचे दर. मोजणी सोहमची. त्याचा प्रोग्राम शेकडो फोन एकदम पान उघडतायत असं भासवायचा, सर्व्हर टिकतो का बघायचा आणि प्रत्येक फोनला पानाचं किती वजन, म्हणजे किती डेटा, गेलं ते सांगायचा. समुद्रावर रेंज जेमतेम. म्हणून सरांनी बजावलं होतं, मराठी पान तीस केबीच्या वर गेलं तर ते काढून इंग्रजी द्यायचं. इंग्रजी पान होतं सुटसुटीत, पण शमिकाच्या घरच्या बोटीवर ते कुणालाच वाचता येत नव्हतं.

स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत सतरा केबी आलं होतं. आणि धक्क्यावरून गुणवंती आत्या फोनवर सांगत होती, "तुझ्या आजाचं भाषण दिसतंय गो. खाली नुसतं चाक फिरतंय. इशारा कुठे आहे?"

"आत्याचा फोन जुना असेल," सोहम म्हणाला. "हिरवं आलंय ना? तुझं मराठी पास झालं. गप्प बस की."

"हिरवं आलंय म्हणूनच डाऊट येतोय."

तिने इंग्रजी पान लावलं. सोहमचा प्रोग्राम म्हणाला नऊ. ब्राउझर स्वतःही आलेलं वजन दाखवतो, तोही म्हणाला नऊ. मग मराठी लावलं. प्रोग्राम म्हणाला सतरा. ब्राउझर म्हणाला सेहेचाळीस.

शमिका खुर्ची फिरवून त्याच्याकडे बघायला लागली. "इंग्रजीला बरोबर आणि मराठीलाच कमी? मुद्दाम केलंस? मला खूश करायला?"

"एवढी हौस नाहीये मला," सोहम म्हणाला. त्याचे कान मात्र लाल झाले होते, त्यामुळे तिचा संशय आणखी वाढला.

तिने त्याला बाजूला सरकवलं. कोरं पान उघडून इंग्रजीतला ए लिहिला, एकटाच. इकडे एक, तिकडे एक. तो पुसून क लिहिला. प्रोग्राम म्हणाला एक. ब्राउझर म्हणाला तीन.

सोहमने खुर्ची पुढे ओढून आपल्या प्रोग्राममधली मोजणीची ओळ शोधली.

"मी अक्षरं मोजत होतो," सोहम हळूच म्हणाला. "बाईट मोजायला हवे होते, तेच खरं वजन. इंग्रजी अक्षराला एक लागतो. आपल्या अक्षराला तीन."

"म्हणजे तू नग मोजलेस. बोटभर मांदेली पण एक नग आणि हातभर सुरमई पण एक नग."

"मराठी पान कधी लावून बघितलंच नव्हतं गं. इंग्रजीला बरोबर येत होतं."

त्याने एक ओळ बदलली. सतराचे सेहेचाळीस झाले, लालभडक. सोहमने दाराकडे बघितलं. मधली सुट्टी संपत आली होती, सर येणारच होते.

"ऐक. जुनाच प्रोग्राम ठेवू या? सरांना हिरवं दिसेल, तुझं मराठी राहील. कुणाला कळणार आहे?"

खरंच, कुणाला कळणार होतं? शमिकाने सोहमकडे बघितलं, मग स्क्रीनकडे, आणि या वेळी तिला स्वतःचाच संशय आला.

"आत्याला कळेल," ती म्हणाली. "तिला चाकच दिसेल."

तिने पान वरपासून वाचायला घेतलं. आधी अध्यक्षांचं मनोगत, संस्थेच्या स्थापनेपासूनचं. मग सगळे सन्माननीय संचालक, वडिलांच्या नावासकट, वाडीसकट. मग शुभेच्छुक. मग दर. आणि सगळ्यात खाली इशारा. संस्थेच्या बॅनरवर, पत्रिकेवर अशीच आधी नावं यायची आणि मग मुद्दा. शमिकाने पानही तसंच रचलं होतं, विचारसुद्धा न करता.

तिने अख्खं मनोगत निवडलं आणि उडवलं.

"अगं, रावजी तात्या तुझे आजोबा ना?" सोहम ओरडलाच.

"म्हणून तर त्यांच्यापासून सुरुवात. दुसऱ्या कुणापासून केली असती तर गावात भांडणं झाली असती."

मग संचालक गेले. शुभेच्छुक गेले. इशारा वर आला, चाचणीपुरता, सुरुवातीला 'नमुना' असं लिहिलेला. सोहमने पुन्हा मोजलं, नव्या ओळीने. बावीस. शमिकाचा तरीही विश्वास बसेना. ब्राउझरही बावीस म्हणाला, तेव्हा कुठे तिने फोन उचलला.

"आत्ये, परत उघड."

फोनमध्ये नुसता वारा घोंघावत होता. सोहम नखं खात होता. मग आत्याचा आवाज आला, एकेक शब्द सुटा करत, धक्क्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असा. "नमुना. दुपारनंतर. वारा वाढेल. बोटी. खाडीत आणा."

तिच्या मागून एक घोगरा आवाज आला. "आणि माझं मनोगत? वर बघ गो, वर असेल."

"वर तुम्ही नाहीच आहात, तात्या," आत्या म्हणाली. "म्हणून तर उघडलं."