हसरा डबा

होडीवर संसार थाटल्यापासून कांदे-बटाटे दिसले की तिला माहेर भेटल्यासारखं व्हायचं. हे बेट दोघांनाही नवीन. होडी आत्ताच धक्क्याला लागली होती आणि समोरच दुकान पाहून ती नाचायचीच बाकी होती.

"अहो, लिंबं! खरीखुरी लिंबं!"

"सगळं दुकान उचलू नकोस, होडी बुडेल," पिशवी भरता भरता नवरा म्हणाला.

ती डबाबंद अननसाकडे वळली. ओलाव्यानं कागद सुटतात, म्हणून होडीवर ती डब्यांचे कागद आधीच सोलायची आणि झाकणावर लाल नेलपॉलिशनं खूण करायची. अननसाची खूण म्हणजे डोळा मारणारा हसरा चेहरा.

फळीवर एकच डबा होता, कागद सोललेला. झाकणावरून तोच चेहरा तिला डोळा मारत होता.

"मावशी, हा कुणाचा?"

"असं काय करतेस, बाई?" दुकानवाल्या मावशी खळखळून हसल्या. "मघाशी तूच नाही का इथं बसून रंगवलास? म्हणालीस, नवऱ्याला घेऊन येतेच."

"घ्या! माझ्याआधीच खरेदी उरकलीस!" नवरा म्हणाला.

तिलाही हसू फुटलं. हसत हसतच तिनं त्या चेहऱ्यावर बोट ठेवलं.

बोट लाल झालं.