अंगठा

मणिबेलीच्या काठावर हारुन मिस्त्रीने उखाआबांच्या बोटीवर लांब पल्ल्याचा वायरलेस बसवला आणि चाचणीसाठी थेट भाग्येशचं समुद्रातलं जहाज गाठलं. आबांचा रुसून गेलेला एकुलता लेक!

"आबा, खटका दाबीसन बोला, सोडीसन आयका."

पूर्वरंगातच रंगलेल्या बुवांसारखे आबा सुरू झाले, ते खटका सोडेचनात. "भाग्येश, घर ये रे! बोल ना! बापवर आजून राग शे का?"

पलीकडून चकार शब्द नाही. आबांचे डोळे भरले. "दख हारुन, एक सबद बोलस नहीं!"

हारुनने हळूच त्यांचा अंगठा उचलला. लगेच आवाज फुटला, "...आबा, मी कधळना बोली ऱ्हायनू, तुम्हीच आयकतस नहीं!"

घर सोडतानाही पोरगा हेच बोलला होता.