यंत्रं चिडत नाहीत

“आई, संध्याकाळपर्यंत डोंगर घरावर येईल. सगळे शाळेत जा,” दरड-इशारा केंद्रातून मृण्मयी फोनवर पुन्हा सांगत होती.

“आवाज हुबेहूब काढलाय हो माझ्या लेकीचा! परवाही यंत्राने तिच्याच आवाजात असंच गोड बोलून सगळ्या गावाला घराबाहेर काढलं, आणि मागे चोरी झाली.”

मृण्मयीने लहानपणीच्या खुणा सांगितल्या.

“त्याही त्याला ठाऊक होत्या.”

मृण्मयीचा धीर संपला. “मग मर तिथेच, हट्टी म्हातारे!”



“अगं बाई, तूच की! यंत्रं कधी चिडत नाहीत. निघाले मी. बाकीच्यांनाही असंच झाप.”

अख्खं गाव उरलं होतं. पहिला नंबर तिला मुळाक्षरं शिकवणाऱ्या जगदाळे गुरुजींचा. मृण्मयी घोटभर पाणी प्यायली.

“ए थेरड्या,” ती दमून म्हणाली, “ऊठ.”