शून्याचं पाणी

बाबा गेले आणि पाण्यातला प्राणवायू मोजायचं त्यांचं जुनं मीटर लेकीकडे आलं. दोघांची लॅब एकच. सुरू करण्याआधी बाबा मीटरच्या काचेवर तोंडाची वाफ सोडत, बाहीने पुसत आणि म्हणत, "चला बाईसाहेब, कामाला!" सगळी लॅब हसायची.

आज तिने प्रोबच्या, म्हणजे मीटरला जोडलेल्या, पाण्यात बुडवायच्या कांडीच्या टोकाचा पातळ पडदा बदलला. आत बुडबुडा अडकला नाही ना, हे उजेडात धरून पाहिलं आणि प्रोब शून्याच्या द्रावणात सोडला. या पाण्यात प्राणवायू औषधालाही नसतो. आकडा शून्यावर आला.

मग तो हळूच वर चढला. थांबला. उतरला. पुन्हा चढला.

"पडदा फाटला असेल, दुसरं काय!" शेजारच्या टेबलावरची ताई म्हणाली.

"आत्ताच तर बदलला, ताई."

तिने तो पुन्हा बदलला, द्रावणही ताजं केलं. आकड्याची चाल तीच. दर चौथ्या खेपेला तो चढता चढता अडखळायचा.

ते अडखळणं तिच्या ओळखीचं होतं. शेवटचे दोन महिने बाबांच्या उशाशी बसून तिने त्यांच्या श्वासात तेच तर मोजलं होतं.

"बाबा, तिथे हवा नाही हो," असं पुटपुटत तिने प्रोब झटकन बाहेर काढला.

मोकळ्या हवेत आकडा शंभर टक्क्यांवर गेला आणि तिथेच निवांत टेकला.

मग मीटरच्या काचेवर आपोआप वाफ धरली, आणि तिच्या डोळ्यांदेखत मधोमध एक पट्टा पुसला गेला, बाहीने पुसावा तसा.