उलटी बाही

हिरव्या कापडाची पानं. मोडलेली सुई. खुंटीवर बाह्यांवाचून राहिलेला लेकीचा कोट. चर्चच्या नाटकातले आदाम-हव्वेचे कपडे फादरनी तिसऱ्यांदा परत आणले, तसा शिंपी भडकला. फादर म्हणाले, “मास्तर, पानं निसटायला हवीत! इतकं पक्कं कशाला शिवलंत?” “कच्चं काम हाताला जमत नाही, फादर. आणि यादीतले कातड्याचे कोट कुणाला?” “त्यांनाच. बागेतून हाकलण्याआधी देव स्वतः शिवून देतो.” “सांगितलेलं ऐकलं नाही, म्हणून हाकलायचं, आणि वर कोट? भलतेच लाड!” “बापच तो. बाहेर थंडी असते, मास्तर.” फादर गेल्यावर शिंप्यानं खुंटीवरचा कोट तिरीमिरीत मशीनवर ओढला. बाही उलटी लागली. चरफडत उसवली. पुन्हा उलटीच लागली. चाळीस वर्षांत अशी चूक झाली नव्हती. लेकीला त्यानं घराबाहेर काढलं, तेव्हा कडाक्याची थंडी होती आणि तिच्या अंगावर नुसता सुती झगा होता.